नल म्हणजे शून्य नव्हे आणि निळा म्हणजे मोजलेला नव्हे

कुठल्याही डेटाबेसवाल्याला झोपेतून उठवून विचारा, नल आणि शून्य यात फरक काय? तो डोळे न उघडता सांगेल. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. नल म्हणजे मोजलंच नाही. हा फरक न कळणाऱ्या ज्युनियरला आपण कोड रिव्ह्यूमध्ये सोलून काढतो. आणि तीच आपण शहाणी मंडळी शनिवारी गूगल अर्थ उघडतो, अरबी समुद्रावर झूम करतो, खालच्या निळ्याशार डोंगररांगा बघतो आणि म्हणतो, "वा! काय डिटेल आहे!"

डिटेल नाहीये हो. त्यातला बराचसा भाग नल आहे. कोणीतरी तिथे सुबक अंदाज भरून ठेवलाय आणि वरून निळा रंग फासलाय.

आधीच सांगतो, माझं भांडण अंदाजाशी नाही. ते अंदाज बांधणारे लोक तुमच्या-माझ्यापेक्षा फार हुशार आहेत. भांडण आहे ते अंदाज आणि मोजमाप एकाच रंगात दाखवण्याच्या सवयीशी. लोक म्हणतात, चालायचंच, नकाशाच तर आहे. मला हे मान्य नाही. या सवयीने माणूस मेलाय, आणि आता आपल्याच दाराशी ती महागात पडायची वेळ आली आहे.

तर आधी आकडे.

जून २०२५ मध्ये जाहीर झालेल्या हिशोबाप्रमाणे जगातल्या समुद्रतळापैकी २७.३ टक्के भाग आधुनिक दर्जाने मोजून झाला होता. हा हिशोब ठेवणारा प्रकल्प म्हणजे सीबेड २०३०. जपानची निप्पॉन फाउंडेशन आणि जेब्को यांनी मिळून तो २०१७ साली सुरू केला, तेव्हा आकडा होता ६ टक्के. जेब्को ही १९०३ पासून समुद्राच्या खोलीचे नकाशे करणारी आंतरराष्ट्रीय संस्था. म्हणजे शंभरहून जास्त वर्षं काम करून ६, आणि मग आठ वर्षांत २७. प्रगती जोरदार आहे, वाद नाही. पण उरलेल्या जवळजवळ तीन-चतुर्थांश भागाचं काय? स्क्रीनवर तर कुठे भोक दिसत नाही!

ती भोकं उपग्रहांनी बुजवली आहेत. आता गंमत अशी की रडार पाण्यातून आरपार बघू शकत नाही. उपग्रह मोजतो ती समुद्राच्या पृष्ठभागाची उंची. तळाशी दोन किलोमीटर उंचीचा डोंगर असेल तर त्याच्या जादा वस्तुमानाचं गुरुत्वाकर्षण आजूबाजूचं पाणी स्वतःकडे ओढतं आणि वर साधारण दोन मीटरचा फुगवटा येतो. हा फुगवटा कित्येक किलोमीटरवर पसरलेला असल्यामुळे बोटीतल्या माणसाला कळतही नाही. पण उपग्रहाला कळतो. असे फुगवटे-खळगे मोजायचे, त्यावरून गुरुत्वाकर्षण काढायचं, जहाजांनी प्रत्यक्ष मोजलेल्या खोलीशी ते जुळवायचं आणि मधल्या जागा भरायच्या. वॉल्टर स्मिथ आणि डेव्हिड सँडवेल या दोघांनी १९९७ साली असा जगाचा नकाशा प्रसिद्ध केला. मी याला सरळ सलाम ठोकतो. पाण्याच्या कातडीवरून खालची हाडं ओळखायची म्हणजे खायचं काम नाही.

पण हाडं ओळखली म्हणजे एक्स-रे काढला असं होत नाही. डोंगर आणि पृष्ठभाग यांच्यात चार किलोमीटर पाणी असलं की लहानसहान गोष्टींचा ठसा वर पोचेपर्यंत पुसला जातो. डिसेंबर २०२२ मध्ये सोडलेल्या स्वॉट नावाच्या उपग्रहाने यात मोठीच मजल मारली, आणि २०२४ साली आलेल्या निष्कर्षांत त्याचं रेझोल्यूशन ८ किलोमीटरपर्यंत आलं. आठ किलोमीटर! हा आजवरचा उत्तम आकडा आहे. अशा नकाशात सह्याद्री दिसेल. पर्वती दिसणार नाही. आणि पर्वती जिथे आहे तिथे भोकही दिसणार नाही, छान गुळगुळीत जमीन दिसेल. दुखणं नेमकं हे आहे.

आता कोणी म्हणेल, अरे पण समुद्राचा तळ सपाटच असतो ना, पर्वती हुकली तर हुकली.

इथे मला आपल्या शाळेच्या भूगोलाचा गळा धरावासा वाटतो. आठवते ती आकृती? समुद्रबूड जमीन, मग खंडान्त उतार, मग सागरी मैदान, मग एक गर्ता, मध्ये कुठेतरी एक जलमग्न डोंगर. व्याख्या लिहा, गुण मिळवा. ती आकृती चुकीची नाही, पण मेलेली आहे. हे सगळं घडलं कसं आणि अजून घडतंय कसं, हे तिच्यात कुठेच नाही. आणि ते कळल्याशिवाय उपग्रहाच्या अंदाजात नेमकं काय हुकतं ते कळत नाही.

आपल्याच शेजारचं उदाहरण घेऊ. मुंबईपासून नैर्ऋत्येला दीड-दोन हजार किलोमीटरवर समुद्राखाली कार्ल्सबर्ग रांग आहे. होय, बिअरवालीच. :) कार्ल्सबर्ग फाउंडेशनच्या पैशांवर १९२८ ते १९३० मध्ये फिरलेल्या डॅनिश मोहिमेमुळे हे नाव पडलं. ही रांग म्हणजे जगभर पसरलेल्या सुमारे ६५,००० किलोमीटर लांबीच्या मध्य-महासागरी पर्वतरांगेचा एक तुकडा. इथे भारताकडची आणि आफ्रिकेकडची अशा दोन भूपट्ट्या एकमेकींपासून वर्षाला दोन-तीन सेंटीमीटर दूर सरकतात. म्हणजे साधारण आपली नखं वाढतात तितक्या वेगाने. मध्ये फट पडते, खालून लाव्हा येतो, गोठतो आणि नवा समुद्रतळ तयार होतो. ही फॅक्टरी कोट्यवधी वर्षं चालू आहे आणि तुम्ही हे वाचताय तेव्हाही चालूच आहे.

हे सिद्ध कसं झालं? त्यातही याच रांगेचा हात आहे. १९६२ साली ब्रिटिश जहाज ओवेनने कार्ल्सबर्ग रांगेवर चुंबकीय मोजणी केली. लाव्हा गोठताना त्या वेळचं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र खडकात नोंदलं जातं, आणि ते क्षेत्र अधूनमधून उलटतं. त्यामुळे रांगेच्या दोन्ही बाजूंना सुलट-उलट असे पट्टे पडत जातात. खडकाची लॉग फाइलच म्हणा ना. फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी १९६३ साली 'नेचर'मध्ये हे मांडलं, आणि समुद्रतळ पसरतो ही कल्पना 'काहीतरीच' या खात्यातून 'अरेच्चा' या खात्यात गेली. ज्या समुद्राकडे आपण मरीन ड्राइव्हवर बसून बघतो त्याच समुद्राच्या तळाने हा पुरावा पुरवला. आपल्याला शाळेत हे कोणी सांगितलं? मला तरी नाही.

आता मुद्द्यावर येतो. नवा तळ ताणला जातो तेव्हा तो कडकड तुटतो. रांगेला समांतर भेगा पडतात, ठोकळे वर-खाली सरकतात, आणि लांबुळक्या टेकड्यांच्या ओळीच्या ओळी तयार होतात. उंची साधारण ५० ते ३०० मीटर, रुंदी काही किलोमीटर. भूगोलाच्या पेपरात यांना जागा नाही, पण पृथ्वीच्या पाठीवर सगळ्यात जास्त आढळणारं भूरूप कुठलं म्हणाल तर ते हेच! हिमालय, सहारा वगैरे सगळे अपवाद. नियम म्हणजे या टेकड्या.

रांगेपासून दूर जाता जाता तळ थंड होतो, जड होतो आणि खचतो. माथ्याशी अडीच किलोमीटरच्या आसपास असलेली खोली पाच-साडेपाचपर्यंत जाते. मग वरून गाळ पडायला लागतो. सिंधू नदीने हिमालय खरवडून आणलेला चिखल अरबी समुद्रात किलोमीटरच्या हिशोबाने साचला आहे. तो सगळ्या टेकड्या गाडून टाकतो आणि तयार होतं ते आपलं परीक्षेतलं 'सागरी मैदान'. म्हणजे मैदान ही मूळ अवस्था नाहीच, ते वरून केलेलं प्लॅस्टर आहे. आणि जिथे मोठी नदी जवळ नाही, तिथे प्लॅस्टरही धड नाही.

त्यात मधूनच ज्वालामुखी. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ज्या तप्तबिंदूने आपला सह्याद्रीचा काळा दगड ओतला, त्याच्यावरून भूपट्ट सरकत गेला आणि समुद्रात लक्षद्वीपपासून छागोसपर्यंत रांग उमटत गेली. ताम्हिणीचा कडा आणि लक्षद्वीपच्या प्रवाळाखालचा पाया हे असे एकाच घराण्यातले आहेत. मुंबई-गोव्याच्या पश्चिमेला, खोल समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात रमण, पणिक्कर आणि वाडिया या भारतीय शास्त्रज्ञांच्या नावांचे बुडालेले डोंगर आहेत. तुमच्यापैकी किती जणांना माहीत होतं?

तर पृथ्वीची समुद्रातली फॅक्टरी जो माल सगळ्यात जास्त काढते तो लहान आहे: टेकड्या, कडे, भेगा, छोटे ज्वालामुखी. आणि उपग्रहाचा अंदाज नेमकं तेच पुसतो. ही चूक इकडे-तिकडे विखुरलेली नाही, ती पद्धतशीर आहे. तळ प्रत्यक्षात जितका खडबडीत आहे त्यापेक्षा तो नेहमीच गुळगुळीत दिसणार. ज्यांनी टेस्टिंग केलंय त्यांना कळेल, रँडम एररपेक्षा असा एकाच बाजूला झुकणारा एरर किती घातक असतो.

पुरावा हवा? २०२३ साली उपग्रहांचाच सुधारलेला डेटा पुन्हा तपासला तेव्हा १९ हजारांहून जास्त नवे बुडालेले डोंगर सापडले. एकोणीस हजार! आदल्या दिवशीपर्यंत तेही निळे आणि गुळगुळीतच होते.

आता या गुळगुळीतपणाची बिलं बघू.

८ जानेवारी २००५. अमेरिकन नौदलाची अणुपाणबुडी सॅन फ्रान्सिस्को गुआम बेटाच्या आग्नेयेला जोरात चालली होती. समोर समुद्री डोंगर आला. चालक वापरत होते त्या नकाशावर तिथे डोंगर नव्हता. धडक झाली, एक खलाशी मेला, जखमी नव्वदच्या वर. चौकशीत कळलं की जहाजावरच्या दुसऱ्या नकाशांवर त्या भागात धोक्याची खूण होती. कप्तानावर ठपका आला, तो योग्यच. पण माझा मुद्दा बघा. रिकामी जागा दिसली की माणसाचा मेंदू ती 'सुरक्षित' असं वाचतो. 'माहीत नाही' असं वाचत नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात दक्षिण चीन समुद्रात कनेक्टिकट ही दुसरी पाणबुडी अशाच नकाशात नसलेल्या डोंगरावर आपटली. तिथेही चौकशीने माणसांना दोष दिला. माणसं चुकणारच, म्हणून तर नकाशाने ओरडून सांगायचं असतं की बाबा रे, इथलं मला ठाऊक नाही!

८ मार्च २०१४, मलेशियाचं एमएच ३७० विमान बेपत्ता झालं. शोध दक्षिण हिंदी महासागरात येऊन ठेपला आणि तेव्हा जगाला शोध लागला तो वेगळाच. तिथल्या तळाचा नकाशा इतका ढोबळ होता की तळाजवळून ओढायचं सोनार त्याच्या भरवशावर सोडणं शक्य नव्हतं, कुठल्यातरी कड्यावर आपटलं असतं. म्हणून आधी महिनोन् महिने जहाजं फिरवून तळ मोजला आणि मग १,२०,००० चौरस किलोमीटर धुंडाळले. विमान काही मिळालं नाही, जानेवारी २०१७ मध्ये तो शोध थांबला. मिळाला तो ब्रोकन रिज नावाच्या पठाराचा खरा चेहरा. सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वी अंटार्क्टिकाकडच्या कर्ग्युलेन पठारापासून तुटताना पडलेले प्रचंड कडे, दऱ्या, घसरलेल्या दरडी. त्या कुटुंबांना याने काय दिलासा मिळणार? पण हा नकाशा आधीच हवा होता, एवढं तरी कबूल करा.

आणि एक विनोदी बिल. फेब्रुवारी २००९ मध्ये गूगल अर्थमध्ये समुद्रतळ आला आणि लगेच आफ्रिकेच्या पश्चिमेला अटलांटिकच्या तळाशी चक्क रस्त्यांची जाळी दिसली. पेपरांनी अटलांटिस सापडलं म्हणून बोंब ठोकली. ते रस्ते म्हणजे काय होतं? जहाजांनी जिथून जाऊन सोनारने मोजलं होतं त्या रेषा! म्हणजे त्या चित्रात जे खरं मोजलेलं होतं तेच लोकांना विचित्र वाटलं, आणि मधला अंदाज 'नैसर्गिक' वाटला. मला हा किस्सा फार बोलका वाटतो.

इथपर्यंत सगळं दुसऱ्यांचं होतं. आता आपलं.

२६ जानेवारी १९८१ रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने अरबी समुद्राच्या तळावरून धातूंचे पहिले गोटे वर काढले. त्या वाटेने जात भारताने आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी २००२ साली करार केला. मध्य हिंदी महासागरातलं ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र, निकेल-कोबाल्ट-तांबं असलेल्या गोट्यांसाठी. २०१६ मध्ये सल्फाइड साठ्यांसाठी १०,००० चौरस किलोमीटर. सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी १०,०००, आणि हे कुठे? आपल्या कार्ल्सबर्ग रांगेवर. २०२१ साली मंजूर झालेल्या खोल समुद्र मोहिमेला ४,०७७ कोटी रुपये.

हे करार शोधाचे आहेत, खोदायचे नाहीत. शोधाच्या मी पूर्ण बाजूने आहे, शोध म्हणजेच तर मोजमाप. पण शोधानंतर कोणी ना कोणी खोदायला उतरणारच. आणि काय खोदणार? सल्फाइड तयार होतं ते तळातल्या भेगांतून समुद्राचं पाणी आत जाऊन, तापून, धातू विरघळवून, ३५० अंशांच्या आसपास परत बाहेर पडतं तिथे. थंड पाणी लागताच धातू साखळतात आणि काळा धूर ओकणारी धुराडी उभी राहतात. एखादं धुराडं काही मीटर ते काही दशक मीटर उंच, अख्खी वस्ती काही शे मीटरांत. डिसेंबर २०२४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरात ४,५०० मीटर खोलीवर असं जिवंत धुराडं टिपलं, स्वयंचलित यान तळाजवळ पाठवून. जगाच्या नकाशाचा एक पिक्सेल सुमारे ४५० मीटरचा असतो. म्हणजे ती अख्खी दुनिया एका पिक्सेलात बसते, आणि तो पिक्सेल बहुतेक वेळा अंदाजाने भरलेला असतो.

या वस्त्यांत हिंदी महासागरातली एक गोगलगाय राहते. तिच्या पायावर लोखंडाच्या सल्फाइडचे खवले असतात, अंगात चिलखतच. २०१९ साली ती धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत गेली, कारण खाणकामाची शक्यता. आणि गोटे? ते दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात. १९८९ साली पेरूजवळच्या समुद्रात शास्त्रज्ञांनी तळ नांगरून बघितला होता. २६ वर्षांनी परत गेले तर नांगराचे चरे तसेच! खाली काय तुटतंय ते कळायच्या आधीच तोडलं, तर ती भरपाई आपल्या पतवंडांनाही दिसणार नाही.

आता ठरलेले आक्षेप.

'एवढा पैसा कुठून आणायचा?' अख्खा तळ मोजायला तीन अब्ज डॉलरच्या आसपास खर्चाचा अंदाज सांगितला जातो. मंगळावर एखादी मोठी गाडी उतरवायला साधारण तेवढाच येतो. आणि जिथे पैसा दिसतो तिथे मोजणी होतेच. मुंबई हायच्या आसपासचा तळ किती बारकाईने तपासलाय बघा. तेल आहे म्हणून.

'अंदाज तर पूर्वीही करायचेच.' करायचेच! मेरी थार्पबाईंनी १९५० च्या दशकात अटलांटिकचा नकाशा काढला तेव्हा त्यांच्याकडे जहाजांच्या मोजक्याच रेषा होत्या. त्यातून मधोमध दरी आहे हे त्यांनी ओळखलं, आणि सहकारी ब्रूस हीझन यांनी 'बायकी गप्पा' म्हणून उडवून लावलं. बाई बरोबर निघाल्या. पण त्याच नकाशात जिथे माहितीच नव्हती तिथे त्यांनी नकाशाची सूची मोठी करून बसवली. जागा झाकली, पण खोटे डोंगर काढले नाहीत. हा प्रामाणिकपणा १९५७ च्या कागदावर जमला, तो आजच्या स्क्रीनवर का जमू नये?

'भोकं दाखवली तर नकाशा कुरूप दिसेल.' हा आक्षेप आपल्याच धंद्यातला, म्हणून मला जास्त लागतो. जेब्कोच्या डेटात प्रत्येक चौकोनासाठी वेगळा फ्लॅग आहे: हा आकडा सोनारचा, हा उपग्रहाचा, हा मधल्या मध्ये भरलेला. शास्त्रज्ञांनी आपलं काम केलंय. तो कॉलम फेकून देतो कोण? आपण. डेटा घेऊन सुंदर नकाशे बनवणारी आपली जमात. डिझाइन रिव्ह्यूत कोणीतरी म्हणतं, जरा स्मूथ करा ना, आणि आपण करतो.

तेव्हा माझ्या मागण्या तीनच. एक, समुद्राचा नकाशा दाखवणाऱ्या प्रत्येक ॲपने अंदाजाचा भाग फिकट किंवा रेघारेघांचा दाखवावा, मुळापासून, सेटिंगमध्ये कुठेतरी खोल पुरलेल्या बटणाने नव्हे. दोन, कराराच्या क्षेत्रात सरकारी पैशाने तळाची जी खोली मोजली जाते ती खुली करावी. धातू किती ते गुपित ठेवा हवं तर, पण डोंगर कुठे आहे हे कसलं गुपित? खोदायच्या परवानगीची चर्चा त्यानंतर. तीन, शाळेच्या त्या आकृतीत एक प्रश्नचिन्ह छापा. आठवीतल्या पोरीला कळू दे की हा धडा अजून लिहायचा आहे, आणि कदाचित तिनेच.

पहिली मागणी तर आपल्या हातातली आहे. तुमच्यापैकी कोणी नकाशांवर काम करत असेल तर सोमवारी ऑफिसात गेल्यावर तेवढा कॉलम शोधा. तो तिथे आहे, फक्त कोणी विचारत नाही.